आयकराची नोटीस आली : आधी कलम बघा, मग वर्ष, मग तारीख

पोस्टमन पाकीट आणून देईल, मग बघू, असं म्हणत बसलेल्या माणसाची मुदत बहुतेक वेळा आधीच टळलेली असते. आयकर खात्याची नोटीस आता मुख्यतः पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात आणि तिथे नोंदवलेल्या ई-मेलवर येते. प्रश्न एवढाच, की तो ई-मेल कोणाचा आहे? तालुक्याच्या गावी कधीतरी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी ‘तीन वर्षांचे रिटर्न’ भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याचा. मोबाइल नंबरही त्याचाच, नाहीतर केव्हाच बंद पडलेल्या सिमचा. त्याच्या इनबॉक्समध्ये शेकडो लोकांचे मेल पडलेले असतात. तुमचा त्याने उघडला नाही, तरी कायद्याच्या हिशोबाने नोटीस तुम्हाला पोचलेली असते. मग थेट बँक खातं गोठल्यावर कळतं.

म्हणून नोटीस आलेली नसली तरी हे काम आज करून टाकावं. आयकराच्या पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा, प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा घाला. पासवर्ड माहीत नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नवा करता येतो. रिटर्न दुसऱ्याने भरलं तर हरकत नाही, पण चावी आपल्याकडे हवी. लॉगिन झाल्यावर ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ या भागात ‘ई-प्रोसीडिंग्ज’ आणि ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ ही दोन पानं उघडून बघा. जुनं काही अडकलेलं असेल तर इथेच दिसतं.

नोटीस खरी आहे की कोणी गंडवतंय, हे ओळखणं सोपं आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो, त्याला डिन म्हणतात. पोर्टलच्या पहिल्या पानावरच, लॉगिन न करता, नोटिशीची सत्यता तपासायची सोय आहे. तिथे हा क्रमांक आणि तुमचा मोबाइल नंबर टाकला की ते पत्र खात्याने काढलंय की नाही ते कळतं. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर त्या पत्रातल्या कुठल्याही लिंकला हात लावू नका. खातं फोनवर ओटीपी, एटीएमचा पिन किंवा कार्डचा नंबर कधी मागत नाही. ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय, इथे दाबा’ असा मेसेज आला तर तो चोराचा समजावा.

खरी निघाली, तर रकमेकडे बघण्याआधी कलम, वर्ष आणि उत्तराची शेवटची तारीख बघा. वर्षाचा गोंधळ फार जणांचा होतो. जुन्या कायद्यात ‘आकारणी वर्ष’ लिहिलेलं असतं, ते उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं. आकारणी वर्ष २०२४-२५ म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ चं उत्पन्न. चुकीच्या वर्षाचा बँक उतारा जोडून उत्तर पाठवणारे कमी नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत आणि ‘कर वर्ष’ असा एकच शब्द आहे. पण २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो, त्यामुळे पुढची काही वर्षं नोटिशींवर जुनेच आकडे दिसत राहतील. खाली तेच वापरले आहेत.

सगळी पत्रं सारखी नसतात

सर्वात जास्त येणारं पत्र कलम १४३(१) चं. ती खरं तर नोटीसही नव्हे, रिटर्न तपासल्याची सूचना आहे. बंगळुरूच्या केंद्रात संगणक तुमचं रिटर्न त्याच्याकडच्या माहितीशी ताडतो आणि दोन रकाने छापतो : तुम्ही काय लिहिलं आणि त्याने काय धरलं. पीडीएफला पासवर्ड असतो : पॅन छोट्या इंग्रजी अक्षरांत, त्याला जोडून जन्मतारीख आठ आकड्यांत, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. मध्ये जागा सोडायची नाही. उघडल्यावर शेवटची ओळ बघा. रक्कम शून्य असेल तर काही करायचं नाही, जपून ठेवा. मागणी असेल तर दोन रकाने ओळीओळीने ताडत जा, जिथे आकडा फुटतो तिथे बोट ठेवा.

नोकरदारांकडे तो आकडा फुटण्याच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली टीडीएसची, म्हणजे उत्पन्न हाती येण्याआधीच कापलेल्या कराची. पगारातून कर कापला गेला, पण शाळेने किंवा कार्यालयाने टीडीएसचं त्रैमासिक विवरण भरलंच नाही, नाहीतर पॅनचं एक अक्षर चुकवलं. मग २६एएस उताऱ्यात, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, ती रक्कम दिसत नाही आणि संगणक म्हणतो, कर भरलाच नाही. कापून घेतलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, हे कलम २०५ सांगतं. पण हे नुसतं सांगून भागत नाही. फॉर्म १६ आणि पगारपत्रकं घेऊन कार्यालयाकडून विवरण दुरुस्त करून घ्यावं लागतं, आणि मग पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज. दुसरी जागा थकबाकीची. वेतन आयोगाचा फरक किंवा अडकलेली वेतनश्रेणी एकदम हातात पडली, तर कलम ८९ ची सवलत मिळते. मात्र त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो. रिटर्नमध्ये सवलत दाखवली आणि फॉर्म भरलाच नाही, तर संगणक ती सवलत काढून टाकतो. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या गुरुजींना हे पत्र ओळखीचं असेल.

मागणी बरोबर असेल तर ३० दिवसांत भरा. त्यानंतर महिन्याला १ टक्का व्याज चढतं. चूक खात्याची असेल तर दुरुस्तीच्या अर्जाला ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला त्या वर्षाच्या अखेरीपासून ४ वर्षं मुदत असते. पण चार वर्षं आहेत म्हणून थांबू नका, कारण तोवर मागणी उभीच राहते आणि पुढचा रिफंड कलम २४५ खाली तिच्यात वळता होतो. वळता करण्याआधी खातं विचारतं. त्या पत्राला उत्तर दिलं नाही की होकार धरला जातो.

कलम १३९(९) म्हणजे रिटर्नमध्ये दोष. मुदत १५ दिवस. उत्तर नाही गेलं तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरतात. आपल्याकडे हमखास होणारा दोष म्हणजे चुकीचा फॉर्म. नोकरी आहे, गावी शेती आहे, आणि रिटर्न भरलं आयटीआर-१ मध्ये. तो फॉर्म शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच चालतो. त्यापुढे आयटीआर-२ किंवा पुढचा. शेती उत्पन्न ५ लाखांवर गेलं तर जिल्हा, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की कोरडवाहू, हेही लिहावं लागतं.

कलम १४२(१) माहिती किंवा न भरलेलं रिटर्न मागतं. टाळलं तर १०,००० रुपये दंड, आणि अधिकारी स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवून मोकळा होतो. तो अंदाज तुमच्या बाजूचा असण्याची आशा धरू नका. १४३(२) म्हणजे खोल तपासणी. रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यापासून ३ महिन्यांतच ही नोटीस निघू शकते. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नवर ३० जून २०२६ नंतर ती काढता येत नाही. १४८ए आणि १४८ ही जुनं वर्ष पुन्हा उघडण्याची कलमं. १४८ए हा आधीचा प्रश्न असतो : आमच्याकडे अमुक माहिती आहे, वर्ष का उघडू नये? नीट उत्तर देण्याची ही सर्वात स्वस्त वेळ. इथे गप्प राहिलात तर पुढे तेच उत्तर वकिलाच्या फीसकट द्यावं लागतं.

व्यापाऱ्यांना येणारी जीएसटीची पत्रं ही वेगळ्या कायद्याची, वेगळ्या पोर्टलवरची गोष्ट. विवरण चुकलं की जीएसटीआर-३ए येतं, त्याला १५ दिवस मिळतात. नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला अवघे ७ कामाचे दिवस. आयकराच्या सीएला दाखवलं म्हणजे जीएसटीचंही झालं, असं समजू नका.

खात्यात रोख भरली, आणि विचारणा झाली

बचत खात्यांत मिळून वर्षात १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ती आयकर खात्याला कळवते. सहकारी बँक आणि पोस्टही कळवतं. १० लाखांच्या मुदत ठेवी आणि ३० लाखांवरचा जमीन-घराचा व्यवहारही असाच जातो. हे सगळं तुमच्या एआयएस या वार्षिक माहिती पत्रकात दिसतं. रिटर्न भरण्याआधी ते उघडून पाहणाऱ्याला निम्म्या नोटिसा येतच नाहीत. त्यातली एखादी नोंद तुमची नसेल, तर तिथेच हरकत नोंदवता येते.

‘शेतीचे पैसे आहेत, शेतीला कर नाही’ हे वाक्य खरं आहे, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. खात्याचा प्रश्न असा असतो की हे पैसे शेतीतूनच आले कशावरून? त्याला सातबारा आणि ८-अ पुरत नाही, कारण त्यावरून जमीन आहे एवढंच कळतं. पिकाच्या रकान्यात काय आहे ते महत्त्वाचं. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, आहे. तिथे ‘पड’ असेल आणि तुम्ही कापूस विकला म्हणत असाल, तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध जातो. त्याच्या जोडीला विक्रीचे कागद हवेत : आडत्याची, म्हणजे बाजारातल्या दलालाची, हिशोबाची पट्टी, काट्याची पावती, हमीभाव केंद्राची पावती, कारखान्याचं ऊस बिल.

आणि गणित जुळलं पाहिजे. समजा ६ एकर सोयाबीन, एकरी ८ क्विंटल. एकूण ४८ क्विंटल. २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव धरला तरी २ लाख ३५ हजारांच्या आत येतं, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी जायची आहे. या शेतावर १२ लाखांची रोख बसवता येत नाही. उरलेले पैसे बैल विकल्याचे, भावाचे, इसाराचे, जिथले असतील तिथलेच लिहावेत. खुलासा न पटलेल्या रकमेला जुन्या कायद्यात ६० टक्के कर आहे. अधिभार आणि उपकर धरून तो ७८ टक्क्यांवर जातो. खोट्या पट्ट्या फाडून देणारे बाजारात भेटतील. त्या उघड झाल्या की दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्के, आणि आडत्याचं दप्तर तपासणं खात्याला अवघड नाही.

दुधाचा धंदा, कोंबड्या, भाड्याने दिलेला ट्रॅक्टर किंवा जेसीबी, हे शेती उत्पन्न नव्हे. ते वेगळं दाखवायचं. रोपवाटिका मात्र शेतीत धरली जाते.

हातउसने पैसे दाखवताना जपून. २०,००० किंवा त्याहून जास्त उसनवारी, तशीच जमिनीचा इसार, रोखीत घ्यायला कलम २६९एसएस ची बंदी आहे. दंड घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे ‘मेव्हण्याकडून ३ लाख रोख घेतले’ असं उत्तर देऊन माणूस एका खड्ड्यातून निघतो आणि दुसऱ्यात पडतो. यात एक सवलत आहे जी फार कमी जणांना माहीत असते : देणारा आणि घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कोणाचंही करपात्र उत्पन्न नसेल, तर ही बंदी लागत नाही. मेव्हणा शिक्षक असेल तर सवलत गेली.

मुकादम आणि आडत्या

बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड मुकादमांचं दुखणं वेगळंच. कारखाना उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ रक्कम, मुकादमाच्या खात्यात टाकतो, त्यावर साधारण १ टक्का टीडीएस कापतो. मुकादम ती कोयत्यांना, म्हणजे तोडणी कामगारांच्या जोड्यांना, वाटून टाकतो. स्वतःच्या हाती राहतं ते कमिशन, पण एआयएसमध्ये पॅनखाली दिसतात ४० लाख. ‘आपल्याला कुठं काय उरतं’ म्हणून रिटर्न भरलेलं नसतं. इथे दोन गोष्टी चुकतात. साठीच्या आतल्या माणसाचा टीडीएस वर्षात २५,००० किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरणं बंधनकारक आहे; ४० लाखांवर तो ४०,००० होतो. आणि रिटर्न न भरल्याने परत मिळू शकणारे तेच ४०,००० हातचे जातात.

असं पत्र आलं तर कारखान्याकडून त्या हंगामाचा खातेउतारा आणि करारनामा घ्या. उचलीची वही आणा : कोयत्याचं नाव, गाव, आधार, तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा. बँकेतून पैसे काढल्याची तारीख आणि वाटल्याची तारीख जवळजवळ हवी. मार्चमध्ये काढलेले पैसे ऑगस्टमध्ये वाटले म्हटलं तर कोणाला पटणार? पुढच्या हंगामापासून निदान मोठ्या रकमा कोयत्यांच्या खात्यात टाका. म्हणजे रोख वाटलेल्या प्रत्येक रुपयासाठी अंगठा दाखवत बसावं लागत नाही.

लातूरसारख्या बाजारात आडत्याच्या चालू खात्यातून कोट्यवधी फिरतात, ते बहुतांश शेतकऱ्यांचे. तो फक्त मध्यस्थ असेल, म्हणजे कच्चा आडत्या असेल, तर त्याची उलाढाल म्हणजे फक्त आडत. विक्रीची पूर्ण रक्कम नव्हे. हे प्रत्यक्ष कर मंडळाने १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्र. ४५२ मध्ये स्पष्ट केलंय. उत्तरात ते लिहा. पक्का आडत्या स्वतःच्या नावावर माल घेतो-विकतो, त्याला हे लागू नाही. कमिशनच्या धंद्याला कलम ४४एडी ची ढोबळ आकारणीही, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरणं, चालत नाही. तिथे ८ टक्के दाखवून मोकळं होणाऱ्यांना पुढे पत्र येतंच.

जमिनीचे पैसे

ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही, पण ‘ग्रामीण’ म्हणजे काय ते अंतरावर ठरतं. जवळच्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या १० हजारांवर ते १ लाखापर्यंत असेल तर जमीन तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर हवी, १० लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. तेही सरळ हवाई अंतर. २०११ च्या जनगणनेनुसार छत्रपती संभाजीनगरला ८ लागतात, नांदेड, लातूर, जालना, परभणी, बीड आणि धाराशिवला ६, हिंगोलीला २. रस्त्याने ७ किलोमीटर असलेली जमीन सरळ रेषेत साडेपाचच भरते आणि सगळा हिशोब उलटतो. अंतराचा दाखला विक्रीच्या वेळीच काढून ठेवावा.

भूसंपादनात २०१३ च्या कायद्याखालच्या मोबदल्याला कलम ९६ ने आयकर माफ आहे, आणि २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रक क्र. ३६ ने ते मान्य केलंय. त्यामुळे निवाड्याची प्रत हवीच. जमीन कोणत्या कायद्याखाली गेली ते तिच्यात असतं. वाढीव मोबदल्यासोबत आलेलं व्याज मात्र खातं करपात्र धरतं, त्यातला निम्मा भाग वजा मिळतो. कोर्टातून आलेली रक्कम सगळी एका आकड्यात दाखवली की हा फरक हरवतो.

उत्तर कसं लिहायचं

मोठ्या तपासण्या आता चेहराविरहित होतात. तुमची फाइल कोणत्या राज्यातला अधिकारी बघतोय हे तुम्हाला कळत नाही, त्यालाही तुमचं गाव माहीत नसतं. ओळखीचा साहेब शोधण्यात दिवस घालवू नका. पण याचा एक परिणाम लक्षात ठेवा : सातबारा, पट्टी, इसारपावती मराठीत असते आणि वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. प्रत्येक कागदावर काय आहे ते इंग्रजीत दोन ओळींत लिहून सोबत लावा.

पत्राच्या वर पॅन, आकारणी वर्ष आणि डिन. मग नोटिशीतल्या प्रश्नांच्याच क्रमाने, त्याच क्रमांकाने उत्तरं. रोख जमेसाठी एक तक्ता पुरतो : तारीख, रक्कम, पैसे कुठून आले, पुरावा कोणत्या पानावर. जे विचारलं नाही ते सांगू नका, जे विचारलं ते वगळू नका. कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर शेवटची तारीख उलटण्याआधी ‘ई-प्रोसीडिंग्ज’मधूनच मुदतवाढ मागा, कारण लिहा. उत्तर पाठवल्यावर येणारी पोच उतरवून घ्या.

ज्यांच्या नावे नोटीस आली ते वारलेले असतील तर पत्र बाजूला ठेवून चालत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा देऊन पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा आणि तिथून कळवा.

मागणी भरायची ठरली तर पोर्टलवरच्या त्या मागणीसमोरच्या बटणातूनच भरा, म्हणजे चलनाचा प्रकार ४०० आपोआप येतो. बाहेरून ३०० प्रकाराने भरलेले पैसे आयकर खात्याकडे जमा दिसतात, पण मागणी मिटत नाही. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत फॉर्म ३५ ने अपील. फी उत्पन्नाप्रमाणे २५०, ५०० किंवा १,००० रुपये. अपील केलं म्हणजे वसुली थांबली असं नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि साधारण २० टक्के रक्कम भरायला सांगतात.

राहता राहिला कागद किती वर्षं जपायचे हा प्रश्न. जुन्या कायद्यात नेहमीच्या प्रकरणात आकारणी वर्ष संपल्यावर ३ वर्षं ३ महिने, आणि ५० लाख किंवा जास्त उत्पन्न दडलंय असा संशय असेल तर ५ वर्षं ३ महिन्यांपर्यंत वर्ष उघडता येतं. २०२४-२५ चं उत्पन्न असेल तर अनुक्रमे ३० जून २०२९ आणि ३० जून २०३१. काट्याच्या पावत्यांवरची शाई वर्षभरात उडते, म्हणून घरी आल्या दिवशीच त्यांची झेरॉक्स काढून पट्टीला टाचून ठेवावी.